जुना मीट स्मोकर स्वच्छ करणे आणि त्याची निगा राखणे

केतकी_बन (ह्यूस्टन)

नमस्कार. आमच्या शेजारचे कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेले आणि जाताना त्यांनी आपला ऑफसेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस शिजवण्याची भट्टी, आम्हाला देऊन टाकला. आडवे जाड नळकांडे, त्याच्या एका बाजूला जरा खाली जोडलेला, आग पेटवण्याचा फायरबॉक्स आणि दुसऱ्या टोकाला धुराडे, अशी त्याची रचना आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तो आच्छादन घालून अंगणात बंदच होता. काल झाकण उघडले तेव्हा जाळ्यांवर पांढरट-हिरवी बुरशी धरलेली दिसली. झाकणाच्या आतल्या बाजूने काळे पापुद्रे सुटून लोंबत आहेत, तळाला बोटभर चरबी थिजली आहे आणि फायरबॉक्समध्ये जुनी राख ओली होऊन घट्ट बसली आहे, तिच्याखाली गंज चढला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. आतून सगळा स्मोकर साबणाने धुऊन चकचकीत करावा का? सुटणारे पापुद्रे हा रंग आहे का, आणि असल्यास त्यात शिजवलेले मांस खाणे सुरक्षित आहे का? बुरशी लागलेला स्मोकर पुन्हा वापरता येतो का? ज्यांच्याकडे बरीच वर्षे स्मोकर आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वारणाकाठ (सॅन अँटोनियो)

केतकी_बन, तुम्ही वर्णन केलेली स्थिती वाईट दिसत असली तरी तो स्मोकर टाकून देण्याजोगा मुळीच नाही. मात्र साबणाची बाटली आणि पाण्याची नळी घेऊन लगेच कामाला लागू नका, कारण आतला सगळाच काळेपणा म्हणजे घाण नव्हे.

आतल्या भिंतीवर नख फिरवून पाहा. जो थर कोरडा, कठीण आणि निस्तेज काळा आहे, बोटाला लागत नाही आणि ज्याला वास जवळजवळ नाही, तो वर्षानुवर्षांच्या धुराचा आणि तेलाचा पक्का झालेला थर आहे. बिडाच्या मुरवलेल्या तव्यावर जो थर असतो तेच काम हा करतो, म्हणजे पोलादाला हवा आणि ओलावा लागू देत नाही. तो खरवडून काढला तर पहिल्याच पावसानंतर आत नारिंगी गंज दिसू लागेल. याउलट जो थर डांबरासारखा चकाकतो, बोटाला चिकटतो आणि ज्याचा वास घशाला बोचतो, ते क्रिओसोट आहे. लाकूड ओले असले किंवा हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि त्या धुरातले पदार्थ थंड भिंतीवर निवून बसतात. हा थर काढलाच पाहिजे, कारण पुढच्या वेळी तो तापून मांसाला कडू चव देतो. धुराड्याच्या आतल्या कडेवर तो विशेष साचतो आणि तिथून काळे थेंब खालच्या मांसावर पडतात. तुमच्या शेजाऱ्यांच्या स्मोकरमध्ये धुराड्याच्या बरोबर खालच्या जाळीवर काळे टिपके दिसले तर हेच कारण समजा.

पापुद्र्यांविषयी सांगायचे तर तो बहुतेक वेळा रंग नसतोच. अनेक वापरांची चरबी आणि काजळी झाकणाला चिकटून जळते, तिचा कोळसा होतो आणि तो खपल्यांच्या रूपाने सुटतो. विषारी नसला तरी तो मांसावर पडू नये. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून हलक्या हाताने घासले की सुटलेल्या खपल्या खाली येतात, आणि घासूनही जे सुटत नाही त्याला हात लावू नये.

आता कामाचा क्रम, आणि हा क्रम खरोखर महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा चरबी. मास्क आणि हातमोजे घालून, तळाला थिजलेली सगळी चरबी रुंद पात्याच्या खरवडणीने काढून टाका आणि बुरशी लागलेला उरलासुरला कोळसाही फेकून द्या. हे करण्यापूर्वी मोठा जाळ केला तर तीच चरबी पेट घेते. मग फायरबॉक्स रिकामा करून चांगला जाळ करा, हवेची सगळी दारे आणि धुराडे पूर्ण उघडे ठेवा आणि आतले तापमान ४०० ते ४५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २०५ ते २३० अंश सेल्सिअसवर तासभर राहू द्या. या उष्णतेत बुरशी मरते आणि चिकट क्रिओसोट वाळून ठिसूळ होते. स्मोकर कोमट असतानाच लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने ते काढता येते. जाळ्या मात्र बाहेर काढून गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने खुशाल धुवा, त्या अन्नाला लागतात.

शेवटी आतून खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जास्तीचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि २७५ अंश फॅरनहाइटच्या आसपास दोनेक तास तापवा. तेल जाड लागले तर ते पक्के न होता चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते.

हे करताना चरबीने पेट घेतलाच तर झाकण उघडू नका आणि पाणी तर अजिबात टाकू नका. फायरबॉक्सचे दार, हवेची भोके आणि धुराडे बंद करून आगीची हवा तोडा आणि दूर उभे राहा.

लाल_माती (न्यू जर्सी)

वारणाकाठ यांनी भिंतींविषयी लिहिले आहे ते पूर्ण पटते. जाळ्यांविषयी एक कळकळीची भर घालते. तारेच्या ब्रशने जाळी घासू नका. ब्रश जुना झाला की त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते, तिथून मांसात जाते आणि गिळली जाते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका रुग्णालयात आलेल्या अशा ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. कुणाच्या घशात तार रुतली होती, तर कुणाच्या आतड्याला छिद्र पडले होते. केसाएवढी तार काळ्या जाळीवर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "मी नीट पुसून घेतो" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

त्याऐवजी जाळी गरम असताना लाकडी खरवडणी वापरावी. तिच्या कडेला जाळीच्या गजांप्रमाणे खाचा आपोआप पडत जातात आणि ती दिवसेंदिवस अधिक चांगली बसते. अर्धा कापलेला कांदा लांब काट्याला टोचून गरम जाळीवर घासला तरी चिकटलेले कण सुटतात. थंड जाळीसाठी नारळाच्या काथ्याची घासणी उत्तम.

ओव्हन साफ करण्याच्या तीव्र फवाऱ्यांचीही इथे गरज नाही. त्यांपैकी पुष्कळांत कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकतो, बाहेरचा रंग उतरवतो आणि आतला पक्का थरही विरघळवतो.

सह्यकडा (डेट्रॉइट)

केतकी_बन यांच्या प्रश्नातली सर्वांत गंभीर ओळ माझ्या मते बुरशीची नसून ओल्या राखेची आहे. बुरशी एका जाळात जाते, राखेने खाल्लेले पोलाद परत येत नाही.

लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि मग ती दमट राख महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहते. त्यामुळे बहुतेक ऑफसेट स्मोकर धुराड्यापाशी किंवा झाकणापाशी नव्हे, तर फायरबॉक्सच्या तळाशी मरतात. प्रत्येक वापरानंतर राख काढणे, हे एकच काम नेमाने केले तरी स्मोकरचे आयुष्य अनेक वर्षांनी वाढते. ती काढताना घाई मात्र करू नये. राखेखाली दडलेला विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून राख घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीतच टाकावी आणि ती बादली लाकडी डेकपासून व घराच्या भिंतीपासून दूर ठेवावी. प्लॅस्टिकची कचरापेटी किंवा घरातला व्हॅक्यूम क्लीनर गरम राखेसाठी कधीही वापरू नये.

गंजाचे म्हणाल तर आतला वरवरचा गंज घासून, पुसून, तेलाचा हात देऊन तापवला की पुरते. बाहेरचा गंज आधी तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने उजळ पोलाद दिसेपर्यंत घासावा (तारेचा ब्रश वापरायचा तो इथे, जाळीवर नव्हे). नंतर पृष्ठभाग नीट पुसून वाळवावा आणि उष्णतारोधक रंगाचे पातळ हात द्यावेत. १,२०० अंश फॅरनहाइटपर्यंत टिकणारा रंग हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. हा रंग फक्त बाहेरून द्यायचा आहे. आत, जिथे अन्न आणि धूर असतो, तिथे कोणताही रंग नको.

आच्छादनाविषयीही एक सूचना. स्मोकर गरम किंवा दमट असताना आच्छादन घातले तर ते ओलावा आत कोंडून ठेवते, आणि ह्यूस्टनच्या हवेत एवढे बुरशीला पुरते. पूर्ण थंड व कोरडा झाल्यावरच झाकावे, आत वारा खेळता राहावा म्हणून हवेची दारे थोडी उघडी ठेवावीत आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा झाकण उघडून पाहावे.

रानवारा (ऑस्टिन)

सर्वांविषयी आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. मध्य टेक्ससमधल्या जुन्या बार्बेक्यूच्या दुकानांत विटांच्या भट्ट्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी आहे आणि ती कुणी घासून काढत नाही. लॉकहार्टचे क्रॉइत्झ मार्केट १९०० पासून चालू आहे. १९९९ मध्ये ते नव्या इमारतीत गेले तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे धातूच्या टबात घालून रस्त्यावरून ओढत नेले आणि नवी भट्टी त्यांनीच पेटवली. तिथले मांस खाऊन कुणाला ते अस्वच्छ वाटत नाही. मग घरच्या स्मोकरची एवढी साफसफाई करून आपण त्याची चवच घालवत नाही का?

वारणाकाठ (सॅन अँटोनियो)

रानवारा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. त्या भट्ट्यांतला विस्तव जवळजवळ विझतच नाही. रोज तापणाऱ्या भिंतीवर बुरशी धरत नाही, ओलावा टिकत नाही आणि चरबी खवट व्हायला वेळच मिळत नाही. आपला घरचा स्मोकर महिन्यातून एखाद्या शनिवारी पेटतो आणि उरलेले दिवस झाकण लावून उभा असतो. मांस शिजवल्याने स्मोकर खराब होत नाही. दोन वापरांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, आत राहिलेल्या चरबीमुळे आणि राखेमुळे तो खराब होतो. म्हणून मी भिंतींचा काळेपणा राखायला सांगतो आणि चरबी व राख मात्र एक दिवसही राहू देऊ नका, असे म्हणतो.

चवीबद्दल तर आपले एकमत व्हावे. मांसाला चव ताज्या, स्वच्छ जळणाऱ्या लाकडाच्या धुराने येते, भिंतीवरच्या जुन्या थराने नव्हे. धुराड्यातून निघणारा धूर पातळ, निळसर आणि जेमतेम दिसणारा असेल तर आग नीट जळते आहे. दाट पांढरा, लोळणारा धूर सतत येत असेल तर हवा वाढवा. हवा वाढवूनही तो थांबला नाही तर लाकूड ओले आहे असे समजा. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेले, फोडून वर्षभर वाळवलेले पोस्ट ओक (ओकच्या एका जातीचे लाकूड) आमच्याकडे सहज मिळते. तापमान कमी करण्यासाठी पुष्कळ जण धुराडे अर्धे बंद करतात, त्याने धूर आत कोंडतो आणि भिंतींवर क्रिओसोट बसते. धुराडे उघडेच ठेवावे आणि आग लहान पण सजीव ठेवावी. एवढे पाळले तर घासण्याचे निम्मे काम उरतच नाही.

निशिगंध (डेन्व्हर)

माझ्याकडे पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर, चालणारा स्मोकर आहे. अलीकडे तो पेटायला फार वेळ घेतो, कधी मध्येच विझतो, आणि पडद्यावर २२५ अंश दिसत असताना मांस मात्र अपेक्षेपेक्षा खूप उशिरा शिजते. यंत्र बिघडले असेल, की हाही स्वच्छतेचाच प्रश्न आहे?

इंद्रायणी (पोर्टलंड)

निशिगंध, ही तिन्ही लक्षणे बहुधा राखेची आणि काजळीची आहेत, म्हणून सुटे भाग मागवण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहा.

स्मोकर पूर्ण थंड झाल्यावर जाळ्या, चरबी गोळा करणारा तिरका पत्रा आणि त्याखालची उष्णता अडवणारी पट्टी बाहेर काढा. मधोमध जी लहान वाटी दिसेल तिच्यात पेलेट जळतात. त्या वाटीत पेटवणारी विजेची कांडी असते. ती राखेत बुडाली की पेलेटला तिची आच लागत नाही आणि वाटीची हवेची छिद्रेही बुजतात. ही राख दर दोन-तीन वापरांनंतर व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, मात्र एकही निखारा शिल्लक नाही याची खात्री करूनच.

भिंतीतून आत आलेली धातूची बारीक कांडी म्हणजे तापमान मोजणारा संवेदक. तिच्यावर काजळीचे कवच चढले की ती तापमानातले बदल उशिरा टिपते आणि नियंत्रक चुकीच्या वेळी पेलेट सोडतो. ओलसर मऊ फडक्याने ती पुसा, वाकवू नका.

आणि पेलेट कोरडे आहेत का ते पाहा. पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, त्याला ओलावा लागला की तो फुगून परत भुसा होतो. दोन बोटांत धरून एक पेलेट मोडा. कट्‌ असा आवाज होऊन तो स्वच्छ तुटला तर चांगला, पिठासारखा चुरा झाला तर तो टाकून द्या. ओला भुसा पेलेट पुढे सरकवणाऱ्या मळसूत्रात बसला तर वाळून दगडासारखा होतो आणि मळसूत्र उघडून काढण्यावाचून उपाय राहत नाही. त्यामुळे पुढचे काही आठवडे वापर होणार नसेल तर टाकीतले पेलेट काढून हवाबंद डब्यात ठेवावेत.

मांसात टोचायचा थर्मामीटर तपासायचा असल्यास बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्याने ३२ अंश फॅरनहाइट दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासताना लक्षात ठेवा की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी २१२ नव्हे, तर साधारण २०३ अंशांवर उकळते. थर्मामीटर बिघडला, असा गैरसमज करून घेऊ नका.

मावळवाट (पुणे)

आम्ही इथे एका फॅब्रिकेशनवाल्याकडून २०० लिटरच्या पिंपाचा उभा स्मोकर करून घेण्याच्या विचारात आहोत. पिंप निवडताना आणि नंतर पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

सह्यकडा (डेट्रॉइट)

मावळवाट, पिंपात आधी काय होते हे विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे पिंप कितीही जाळले तरी नको. खाद्यपदार्थांचे आणि आतून अस्तर नसलेले मिळाले तर सर्वोत्तम. आत अस्तर असेल तर ते मोठ्या जाळात पूर्ण जाळून, घासून, उघडे पोलाद दिसल्यावर तेलाचा हात देऊन तापवावे लागते. जाळी, कोळशाची टोपली किंवा आतला कोणताही भाग जस्ती पत्र्याचा करू देऊ नका. प्रखर उष्णतेत जस्ताचा धूर होतो, तो श्वासात गेला की ताप आणि अंगदुखी येते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो.

पुण्याच्या पावसाळ्यात जूनपूर्वी पिंप पूर्ण खरवडून, राख काढून, आतून-बाहेरून तेल पुसून, छपराखाली विटांवर ठेवा. जमिनीला टेकलेला तळ प्रथम गंजतो. स्मोकर गॅलरीत किंवा बंद पडवीत मात्र कधीही पेटवू नका. कोळशाच्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वारणाकाठ (सॅन अँटोनियो)

लाकडासाठी तुमच्याकडे आंबा, पेरू आणि बाभूळ आहेतच. टेक्ससमधले मेस्किट आणि तिकडे माळावर वाढणारी वेडी बाभूळ ही एकाच वंशातली झाडे आहेत. तिचा धूर उग्र असतो, त्यामुळे ती पूर्ण वाळवून आणि बेताने वापरावी, नाहीतर वर सांगितलेले चिकट क्रिओसोट फार लवकर साचते.

लाल_माती (न्यू जर्सी)

गॅसवर चालणाऱ्या स्मोकरचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते. हिवाळाभर बंद राहिलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळे करतात आणि कुंभारमाश्या मातीचे घर बांधतात. मग गॅस पुढे न जाता नळीच्या तोंडाशीच पेटतो. वसंतात पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी सिलिंडर सोडवून नळी लवचीक ब्रशने आरपार साफ करावी आणि जोडणीच्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. ज्वाळा निळी असेल तर ठीक, पिवळी आणि लवलवती असेल तर हवेचा मार्ग अजून बुजलेला आहे.

केतकी_बन (ह्यूस्टन)

सर्वांचे मनापासून आभार. चरबी काढून पहिला जाळ केला. बुरशी गेली, पापुद्रेही फॉइलच्या बोळ्याने निघाले आणि खालची भिंत शाबूत आहे. फायरबॉक्सच्या तळाची राख मात्र छिन्नीने फोडून काढावी लागली आणि तिच्याखाली गंजाचे पदर सुटत आहेत. तो तळ वापरण्याजोगा आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि काढलेली चरबी कुठे टाकावी?

सह्यकडा (डेट्रॉइट)

गंजाचे सुटे पदर काढून घ्या आणि मग हातोडीने तळावर ठिकठिकाणी ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर आत भरपूर धातू शिल्लक आहे. आवाज बद्द आला, किंवा जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर पत्रा आत दबला, तर तेवढा भाग गेला असे समजा. पाव इंच जाडीच्या पोलादाचा स्मोकर असेल तर तो वरवरचा गंज सहज पचवतो. पातळ पत्र्याचा असेल आणि भोक पडले असेल तर वेल्डरकडून साध्या, जस्त नसलेल्या पोलादाची पट्टी आतून जोडून घ्या. खालून अनियंत्रित हवा आली तर आग आवरत नाही.

दोन्ही परिस्थितींत आग थेट तळावर पेटवणे थांबवा. जाड गजांची जाळी तळापासून तीन-चार इंच उंचीवर बसवा. राख खाली पडते, निखाऱ्यांना खालून हवा मिळते आणि फावड्याने राख ओढून काढणे दोन मिनिटांचे काम होते. चरबी सिंकमध्ये सोडू नका, नळ तुंबतो. जुन्या डब्यात भरून पूर्ण थिजू द्या, झाकण लावा आणि कचऱ्यात टाका. तळाला पुढच्या वेळी फॉइल अंथरलेत तर खरवडण्याचीही गरज पडणार नाही. फक्त चरबी बाहेर पडण्याचे भोक त्या फॉइलने झाकले जाणार नाही, एवढे पाहा.